पिठातला चोर, पिठातला पोलीस

जास्वंदीची फुलं तोडायला तुमच्या घरी कोण जातं? तुम्हीच जात असाल तर उद्या एक जादा काम करा. फूल तोडून झालं की त्याच फांदीचा शेंडा हलकेच वाकवा आणि कोवळी पालवी उलटी करून बघा. पानाचं देठ फांदीला मिळतं ती बेचकी बघा. कळीच्या बुडाशी बघा. बऱ्याच झाडांवर तिथे काहीतरी पांढरं सापडेल. कुणी चिमूटभर पीठ भुरभुरून ठेवलंय असं वाटेल. फुंकर मारलीत तर हे पीठ उडणार नाही, आणि काडीने डिवचलंत तर त्यातलं थोडंसं चक्क चालायला लागेल!

हे पीठ जिवंत आहे. माळी आणि शेतकरी याला 'पिठ्या ढेकूण' म्हणतात. नर्सरीत 'मिलीबग' म्हणालात तरी लगेच कळतं. गादीत लपतो तो ढेकूण हा नव्हे, तेव्हा किंचाळू नका. तो माणसाचं रक्त पितो, हा झाडाचा रस पितो. तुम्हाला चावायची याला ना गरज ना हौस.

"मग काय, चिरडून टाकू सगळे!" असं म्हणत तुमच्यातले निम्मे जण अंगणात पळाले असतील. अहो, थांबा! या पिठात चोर असतो तसा पोलीसही असतो, आणि दोघांचा वेष अगदी सारखा असतो. घाईघाईत आपण बहुतेक वेळा पोलिसालाच चिरडतो. म्हणून आधी चोर कोण ते नीट बघू.

भिंगाखालचा चोर

एक साधं भिंग घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसं चालेल. पांढऱ्या पुंजक्यातला एखादा जीव टोकदार काडीने अलगद बाजूला करा. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. आकार लांबट वाटोळा, अंगावर आडव्या घड्या, खाली सहा बारीक पाय. डोकं कुठलं आणि शेपूट कुठली, हे पहिल्या नजरेत कळणारच नाही. वरची पांढरी पूड बोटावर घेऊन चोळलीत तर ती ओशट, मेणचट लागते. ते मेणच असतं. या किड्याच्या कातडीला असंख्य बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून मेण पाझरत राहतं.

मेणाचा उपयोग काय, ते तुम्हीच शोधून काढा. ड्रॉपरने साध्या पाण्याचा एक थेंब त्या पुंजक्यावर सोडा. थेंब गोलच्या गोल राहील आणि घरंगळून जाईल, ढेकूण कोरडाच्या कोरडा! आता वाटीभर पाण्यात साबणाचा एक थेंब घोळवा आणि त्यातलं पाणी शेजारच्या पुंजक्यावर टाका. या वेळी थेंब पसरतो, पिठात मुरतो आणि आतला गुलाबी किंवा करडा किडा उघडा पडतो. हा प्रयोग ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गुलाबी म्हणालो, कारण जास्वंदीवर हमखास सापडणारी एक जात आतून खरोखरच गुलाबी असते. चिरडली तर बोटाला गुलाबी-लाल डाग पडतो. तिचं शास्त्रीय नाव मॅकोनेलिकोकस हिर्सुटस. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांनाही तिने पुरेसं छळलं आहे. दुसरी एक जात असते, तिच्या पाठीवर काळसर ठिपक्यांच्या जोड्या दिसतात. ती मूळची उत्तर अमेरिकेतली. 2007 च्या सुमारास तिने पंजाबातल्या कपाशीची दाणादाण उडवली होती. कपाशीवरची कीड जास्वंदीवर कशी, असं वाटलं ना? जास्वंद, कापूस, भेंडी आणि अंबाडी ही चुलत-मावस भावंडंच. चौघांचं कूळ एक, म्हणून पाहुणेही एकच. अंगणात भेंडी लावली असेल तर तिचीही पानं उलटी करून बघाच.

आता याचं तोंड. ते बाहेरून दिसत नाही, पण सगळी करामत तिथेच आहे. तोंडातून केसाहून बारीक सुया निघतात. त्या एकमेकींना चिकटून दोन नळ्या तयार होतात. एकीतून लाळ आत सोडायची, दुसरीतून रस वर घ्यायचा. ही जुडी झाडाच्या पेशींच्या फटींतून वाट काढत थेट रसवाहिनीपर्यंत पोचते. पानांनी उन्हात बनवलेली साखर याच वाहिन्यांतून कळ्यांकडे आणि मुळांकडे जात असते. वाहिनीतला रस दाबाखाली असतो, त्यामुळे एकदा सुई नेमकी लागली की फारसं ओढावंही लागत नाही. शास्त्रज्ञांना झाडाचा असा शुद्ध रस हवा असला की ते रस पीत बसलेल्या माव्याची (हाही असाच रस पिणारा एक किडा) सुई लेझरने कापतात. मावा बाजूला होतो, सुई झाडातच राहते आणि तिच्या टोकातून रसाचे थेंब येत राहतात. झाडाला कुठे टोचायचं ते माणसापेक्षा किड्याला जास्त कळतं.

लाळ मात्र वाईट. गुलाबी पिठ्या ढेकणाच्या लाळेने कोवळी वाढच बिघडते. शेंड्याची पानं चुरगळतात, आखडतात, एकाच जागी दाटीवाटीने फुटतात. कळ्या उमलायच्या आधीच गळतात. घरातले म्हणतात, "झाडाला दृष्ट लागली." दृष्ट नव्हे, लाळ लागली!

(एक सांगून ठेवतो. कळी गळली की दर वेळी किड्यालाच पकडू नका. एक दिवस कुंडी कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी पाण्याने तुडुंब, असं झालं तरी जास्वंद कळ्या टाकते. आरोप करण्याआधी पुरावा शोधावा.)

गोड शू आणि पोटातले भाडेकरू

झाडाच्या रसात साखर भरपूर असते, पण शरीर बांधायला लागणारी अमिनो आम्लं अगदी थोडी असतात. म्हणून ढेकणाला रस सारखा प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर नि पाणी मागच्या दाराने बाहेर टाकावं लागतं. म्हणजे हा किडा गोड शू करतो! हसा, हसा. पण तीच शू पानांवर सांडते, पानं चिकचिकीत होतात आणि त्या साखरेवर काळी बुरशी वाढते. पानांवर काजळी धरल्यासारखा काळा थर दिसला की समजायचं, वरच्या फांदीवर कुणीतरी रस पीत बसलं आहे. या थरामुळे पानाला ऊन कमी मिळतं, म्हणजे झाडाचं नुकसान दुहेरी.

तरी एक प्रश्न उरतोच. रसात अमिनो आम्लं पुरेशी नसतात, तर ढेकूण वाढतो कशावर? याचं उत्तर मी स्वतः दोनदा वाचलं होतं. ढेकणाच्या पोटात खास पेशी असतात आणि त्यांत जिवाणू राहतात. हे जिवाणू त्याला कमी पडणारी अमिनो आम्लं बनवून देतात. इथवर ठीक आहे, असे भाडेकरू बऱ्याच किड्यांच्या पोटात असतात. पण 2001 साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की पिठ्या ढेकणाच्या या जिवाणूच्या पोटात आणखी एक वेगळाच जिवाणू राहतो! किड्यात जिवाणू आणि जिवाणूत जिवाणू. एका अमिनो आम्लाचं अर्धं काम एकाने करायचं, उरलेलं दुसऱ्याने, कधी मधला एखादा टप्पा खुद्द किड्याने. तिघांपैकी एकालाही एकट्याने जगता येत नाही. चिमूटभर पिठात एवढा मोठा संयुक्त कारखाना चालू असतो.

आपण जे ढेकूण चालताना पाहिले ते बहुतेक माद्या किंवा पिल्लं. मादीला जन्मभर पंख फुटत नाहीत. नर अगदी वेगळा. इवलासा, पंखांची एकच जोडी असलेला, आणि मोठा झाल्यावर त्याला तोंडच नसतं! खायचं नाही, प्यायचं नाही, एक-दोन दिवसांत मादी शोधायची आणि संपायचं. मादी कापसाच्या बोळ्यासारख्या पिशवीत काहीशे अंडी घालते. त्यांतून निघालेली पिल्लं इतकी हलकी असतात की वाऱ्याने शेजारच्या झाडावर जातात. तुमच्या बाहीला चिकटून दुसऱ्या कुंडीवर जातात. उन्हाळ्यात महिनाभरात पुढची पिढी तयार. म्हणूनच फेब्रुवारीत दिसलेला एक पांढरा ठिपका मे महिन्यात अख्खी फांदी पांढरी करून टाकतो. पावसाच्या दणदणीत सरींनी मात्र यांचा बराच निकाल लागतो.

या खानदानात सगळेच चोर नाहीत हं. लाखेचा किडा पिठ्या ढेकणाचा नातेवाईकच. लाखेच्या बांगड्या आणि महाभारतातलं लाक्षागृह ज्या लाखेचं, ती लाख या किड्याच्या अंगातून पाझरते. मिठाईत आणि लिपस्टिकमध्ये वापरला जाणारा कोचिनीलचा लाल रंगसुद्धा मेक्सिकोतल्या अशाच एका भाऊबंदाचा, निवडुंगावर राहणाऱ्या.

बाकीचे चोर झटपट ओळखून घ्या. शेंड्यावर आणि कळ्यांवर हिरवट-काळपट, मऊ, एकमेकांना चिकटून बसलेले ठिपके दिसले तर तो मावा. आपल्या उबदार हवेत माव्यात बहुतेक सगळ्या माद्याच असतात. त्या नराशिवाय, अंडी न घालता, सरळ पिल्लांना जन्म देतात. त्या पिल्लांच्या पोटात जन्माआधीच पुढची पिल्लं वाढायला लागलेली असतात, म्हणजे आई, लेक आणि नात एकाच अंगात. फांदी हलवल्यावर पांढरा धुरळा उडाला तर ती पांढरी माशी. पानावर बारीक फिकट ठिपके आणि खालून तलम जाळी दिसली तर लाल कोळी. पांढरा कागद खाली धरून पान झटका, चालणारे ठिपके कागदावर पडतील. लाल-काळे, लांबट, घोळक्याने फिरणारे ढेकूण कळ्यांवर आणि भेंडीच्या बोंडांवर दिसतात. ते हाताने गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकले की काम झालं.

मुंग्यांचं काय काम?

तुमच्या जास्वंदीवर मुंग्यांची रांग वर-खाली करताना दिसते का? आपल्याला वाटतं, मुंग्या किडे खायला आल्या, बरं झालं. मुळीच नाही! त्या गोड शूसाठी आलेल्या असतात. शेजारी बसा आणि भिंगातून बघा. मुंगी माव्याच्या किंवा ढेकणाच्या पाठीवर मिशांनी थोपटते आणि मागून आलेला थेंब पिऊन टाकते. ही तिची दुभती जनावरं. दुभत्या जनावरांवर कुणी हल्ला केला तर गवळी गप्प बसेल का? किडे खायला आलेल्यांना मुंग्या चावून हुसकावतात. झाडावर मुंग्यांची ये-जा असेल तर आपल्या पोलिसांना तिथे काम करणं कठीण. म्हणून माझा सल्ला असा, की पहिला बंदोबस्त मुंग्यांचा. खोडाभोवती जुन्या कापडाची किंवा कागदी टेपची पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर व्हॅसलीन किंवा ग्रीस फासा. सालीवर थेट फासू नका, झाडाला त्रास होतो. कुंडी असेल तर पाण्याच्या थाळीत विटा ठेवून त्यांवर कुंडी ठेवा. थाळीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर मुंग्या थांबतील आणि डास येतील! आणि झाडाची फांदी भिंतीला किंवा गजाला टेकलेली नाही ना, तेही बघा. मुंग्यांना तेवढा पूल पुरतो.

आता पोलीस

पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात कधी कधी एक बेढब मोठा 'ढेकूण' दिसतो. इतर तीन मिलिमीटरचे, तर हा वाढून एक सेंटिमीटरच्याही पुढे जातो. अंगावर पांढऱ्या मेणाच्या लांबलचक झिपऱ्या. इतर जागच्या जागी बसलेले, आणि हा मात्र लगबगीने फिरतोय. हा ढेकूण नाही. ही अळी आहे एका ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड बीटलची. नाव क्रिप्टोलीमस. ढेकणांसारखाच मेणाचा झगा घालून ती त्यांच्यातच वावरते. अंडी खाते, पिल्लं खाते, मोठे ढेकूणही खाते. एक अळी मोठी होईपर्यंत ढेकणांची दोन-अडीचशे पिल्लं सहज फस्त करते. मेणाच्या या झग्यामुळे मुंग्याही तिला सहसा हात लावत नाहीत. मोठा झाल्यावर हा ढालकिडा दिसतो काळपट तपकिरी, डोक्याकडे आणि मागच्या टोकाला नारिंगी, आणि आकाराने साबुदाण्याच्या दाण्याएवढा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला चित्रातला ढालकिडा शोधत बसलात तर हा नजरेतून सुटेल.

हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 साली त्याला भारतात आणलं ते कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीचा बंदोबस्त करायला. तिथे त्याने विशेष काही केलं नाही, पण पिठ्या ढेकूण त्याला भलतेच आवडले आणि तो दक्षिणेत स्थायिक झाला. आज तो प्रयोगशाळेत वाढवला जातो. लाल भोपळ्यावर आधी पिठ्या ढेकूण पोसायचे, मग त्या भोपळ्यावर ढालकिडे सोडायचे, अशी पद्धत आहे. द्राक्षबागायतदार ते विकत आणून बागेत सोडतात.

आणखी एक बहुरूपी आहे आणि तो तर फुलपाखराच्या कुळातला. फुलपाखरांचे सुरवंट पानं खातात असं आपण पुस्तकात शिकतो. पण एपफ्लाय नावाच्या एका छोट्या करड्या फुलपाखराचे सुरवंट पानाला तोंडच लावत नाहीत, ते पिठ्या ढेकूण खातात! खाता खाता त्यांचंच पीठ स्वतःच्या अंगावर फासून घेतात. आणि कोष केला की त्या कोषावर चक्क माकडाचं तोंड दिसतं. डोळे, नाक, सगळं. हे फुलपाखरू आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातही आहे. कोष सापडला तर फोटो काढा, तोडू मात्र नका.

पानाखाली केसासारख्या बारीक देठांवर तोललेली इवली इवली अंडी दिसली तर ती क्रायसोपाची, म्हणजे हिरव्या जाळीदार पंखांच्या किड्याची. तोही आपलाच. त्याची अळी माव्याचा आणि ढेकणांच्या पिल्लांचा फडशा पाडते.

आणि सगळ्यात लहान पोलीस? एक-दोन मिलिमीटरची गांधीलमाशी. ती ढेकणाच्या पोटात अंडं घालते. आतून अळी ढेकणाला खाते, त्याचं तपकिरी टणक टरफल होतं आणि एके दिवशी टरफलाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. झाडावर अशी भोक पडलेली टरफलं दिसली तर खूश व्हा.

या माश्यांची कामगिरी तुम्हाला सांगायलाच हवी. 1994 साली कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर गुलाबी पिठ्या ढेकूण पोचला. तिथे त्याचा एकही शत्रू नव्हता. जास्वंदीची कुंपणं पांढरी होऊन वाळत गेली, फळझाडं आणि जंगलातली झाडंही सुटली नाहीत. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर असा तो पसरत गेला. औषधं मारून उपयोग होईना. मग शास्त्रज्ञांनी त्याचे शत्रू शोधून आणले. चीन आणि हवाईहून अ‍ॅनागायरस नावाची गांधीलमाशी आली आणि ढालकिडे गेले आपल्या भारतातून! थोड्याच काळात ढेकणांचं प्रमाण घसरलं आणि जास्वंदी पुन्हा फुलायला लागल्या.

आपल्याकडेही तेच घडलं. 2008 मध्ये कोइंबतूरजवळ पपईचा पिठ्या ढेकूण सापडला. हा मूळचा मेक्सिकोकडचा. पपई, तुती, कसावा, जास्वंद, काहीच त्याने सोडलं नाही. पुढे तो महाराष्ट्रातल्या पपईच्या बागांतही शिरला. 2010 मध्ये बंगळुरूच्या कृषी कीटक संस्थेने प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या गांधीलमाश्या मागवल्या. त्यांतली एक तर एक मिलिमीटरही नाही. या माश्या शेतात सोडल्यावर ढेकूण असे आटोक्यात आले की शेतकऱ्यांचा फवारणीचा खर्चच वाचला. आणि कपाशीवरच्या त्या ठिपकेवाल्याचं काय? त्याच्यामागे त्याची गांधीलमाशी न बोलावताच आली होती! आपल्या शास्त्रज्ञांना ती शेतात आयतीच सापडली. 2009 मध्ये बांबावाले या कृषिशास्त्रज्ञांच्या नावावरून तिचं बारसं झालं. नंतर कळलं की अमेरिकेत तिचं नाव आधीच ठेवलेलं होतं.

म्हणून सांगतो, दुकानातलं जहाल कीटकनाशक घरच्या जास्वंदीवर मारू नका. चोर मेणाच्या झग्यात लपून वाचतो, आणि ढालकिडा, क्रायसोपा, गांधीलमाशी मात्र मरतात. शिवाय त्या फुलात मध प्यायला शिंजीर येतो, मधमाशी येते आणि तेच फूल तुम्ही देवाला वाहता, केसांच्या तेलात घालता.

मग करायचं काय?

किडे थोडे असतील तर पहिला उपाय फुकटचा आहे. नळाला पाइप लावा आणि पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. खाली पडलेले ढेकूण आणि मावा सहसा पुन्हा चढू शकत नाहीत, मुंग्यांनी उचलून नेलं नाही तर. फांदीच्या बेचकीतले पुंजके जुन्या टूथब्रशने घासा. जो शेंडा पार चुरगळला आहे तो दोन-तीन इंच कापून टाका. जास्वंद छाटणीला घाबरत नाही, उलट जोमाने फुटते. कापलेला शेंडा मात्र कोपऱ्यात फेकू नका. पिल्लं चालत परत येतील. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि मग कचऱ्यात टाका.

त्यानंतर साबणाचं पाणी. सुरुवातीचा थेंबाचा प्रयोग आठवला ना? एक लिटर पाण्यात साधा, सौम्य द्रवसाबण चमचाभर. कपड्यांची पावडर नको, तिने पानं करपतात. आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा, पान ठीक असेल तर पुढे जा. संध्याकाळी मारा, भर उन्हात कधीच नाही. साबणाने मेण विरघळतं आणि किड्याच्या अंगातलं पाणी निघून जातं. पण हे पाणी ओलं असेतोवरच काम करतं आणि किड्याच्या अंगावर पडलं तरच. पानाच्या वरच्या बाजूला शिंपडून समाधान मानलंत तर खाली बसलेला चोर हसेल. पिशवीतली अंडी वाचतात, म्हणून सहा-सात दिवसांच्या अंतराने तीनदा फवारायला लागतं.

एवढ्यानेही भागलं नाही तर निंबोळी. वाळलेल्या निंबोळ्या कुटून पन्नास ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळायची आणि त्यात किंचित साबण घालून फवारायची. हाच शेतकऱ्यांचा पाच टक्के निंबोळी अर्क. त्यातलं अझाडिरॅक्टिन किड्याला जागच्या जागी मारत नाही, त्याची कात टाकण्याची यंत्रणा बिघडवतं, म्हणजे तो मोठाच होऊ शकत नाही. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की टोळांनी सगळी झाडं ओरबाडली पण कडुनिंबाला हात लावला नाही. तेव्हापासून जगभर कडुनिंबाचा अभ्यास सुरू झाला. आपल्या आज्या तर आधीपासूनच धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालत होत्या! फवारणी करताना आई-बाबांना सोबत घ्या आणि फुलं उमललेली असताना फुलांवर मारू नका.

कीड येऊच नये म्हणून? नर्सरीतून आणलेलं नवं झाड आल्या आल्या जुन्या झाडांना चिकटवून ठेवू नका. पंधरा दिवस लांब ठेवा, पानं उलटून बघा, मगच शेजारी आणा. बहुतेक वेळा चोर नव्या कुंडीबरोबर रिक्षात बसूनच घरी येतो. फुलं जास्त यावीत म्हणून युरिया ओतू नका. त्याने लुसलुशीत पालवी फुटते आणि मावा तिच्यावर तुटून पडतो. शेणखत किंवा गांडूळखत पुरे. कुंपणालगत गाजरगवत वाढू देऊ नका, तिथे ढेकूण लपून राहतात. झाड फार दाट झालं असेल तर आतल्या फांद्या विरळ करा, म्हणजे वारा खेळेल. एखादी बडीशेप किंवा कोथिंबीर फुलू द्या, तिच्या बारीक फुलांवर गांधीलमाश्या आणि ढालकिडे पोट भरायला येतात.

आणि हो, साबणाची बाटली उचलण्याआधी भिंग उचला. घोळक्यात मोठ्या झिपऱ्यांचं, लगबगीने फिरणारं पांढरं कुणी दिसलं तर त्या फांदीवर आठ-पंधरा दिवस काहीही फवारू नका. पोलिसांना त्यांचं काम करू द्या. ढेकूण कमी होत गेले की नाही, ते रोज बघून वहीत लिहून ठेवा.